शिकलेल्याचें शिक्षण

विद्येला अंत नाहीं, असें आपण सर्वच म्हणतों. परंतु व्यवहारांत पदवीदान-समारंभ झाला कीं विद्येचा अंत झाला, असें समजून चालण्याची वहिवाट आहे. वकिलानें सनद घेतली, डॉक्टरानें पाटी लावली, शिक्षकाला कायम नेमणूक मिळाली, म्हणजे जग त्यांच्याकडे सांगणारे म्हणून पाहूं लागतें. शिकणारे म्हणून पाहत नाहीं. अशा मनुष्यानें पुढेंहि शिकत राहावें हा उपदेश कोणालाहि मान्य होईल. पण तो नुसता उपदेशच आहे, कीं तें कर्तव्य आहे? जो शिकत नाहीं तो केवळ मागें राहतो, कीं दुसऱ्या कोणाचा तरी अपराध करतो? प्रश्न फार व्यापक असल्यामुळें तो एका लहानशा जागेंत नेऊन तपासणें बरें. ती जागा म्हणजे मनुष्याचें तोंड. दांतांची डागडुजी आणि जबड्याच्या सांध्याचे विकार या दोन विषयांचा गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहिला, म्हणजे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू उघड होतात.

अमेरिकेंतील ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक (१८३६–१९१५) हे या विद्येचे एक थोर शास्त्रकार. किडलेला दांत कसा कोरावा, पोकळीला कोणता आकार द्यावा, पारा व चांदी यांचें मिश्रण त्यांत कसें भरावें, याचे नियम त्यांनीं बांधून दिले. १९०८ सालीं त्यांचा या विषयावरील ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यांचा एक नियम असा होता कीं, दिसते तेवढीच कीड कोरून थांबूं नये. शेजारच्या ज्या खांचांत पुढेंमागें कीड शिरण्याचा संभव, त्याहि कोरून भरणांत सामील कराव्या. त्या काळीं हें शहाणपणाचेंच होतें. भरण दांताला चिकटत नसे. पोकळीच्या आकाराच्या बळावर तें टिकून राही, आणि त्याच्या कडेला पुन्हां कीड लागल्याशिवाय सहसा राहत नसे. पुढें १९५५ सालीं मायकेल बुओनोकोर यांनीं असें दाखविलें कीं, दांताच्या वरच्या कवचावर अर्धा मिनिट फॉस्फरिक आम्ल लावून तें धुऊन टाकलें, तर त्या जागीं राळेसारखा पदार्थ घट्ट धरून राहतो. त्यानंतर चिकटणारीं भरणें निघालीं, फ्ल्युओराइडचा उपयोग ध्यानांत आला, आणि प्रारंभावस्थेंतील कीड न कोरतांहि थोपवितां येते, हें समजलें. अर्थात् ज्या कारणासाठीं ब्लॅक यांनीं निरोगी भाग कोरावयास सांगितला, तें कारणच बव्हंशीं नाहींसें झालें.

आतां अशी कल्पना करा कीं, एका दंतवैद्यानें १९५० सालीं पदवी घेतली आणि पुढें चाळीस वर्षें तो जुन्या नियमाप्रमाणें प्रामाणिकपणें काम करीत राहिला. त्याचा हात वाकबगार आहे, व्यवहार चोख आहे, लोकांचा त्याच्यावर विश्वास आहे. तथापि पूर्वीं ज्या कृतीनें तो रोग्याचें हित करीत होता, त्याच कृतीनें तो आतां त्याचें नुकसान करूं लागला. आणि हें नुकसान भरून येण्यासारखें नाहीं. मोडलेलें हाड सांधतें, कातडीची जखम भरते. पण दांताचें कवच ज्या पेशी घडवितात, त्या दांत हिरडीबाहेर येतांच नष्ट होतात, आणि गेलेला कण पुन्हां उगवत नाहीं. शिवाय एकदां केलेलें भरण जन्मभर टिकत नाहीं. तें बदलावें लागतें, आणि प्रत्येक बदलाबरोबर पोकळी थोडी मोठी होते. शेवटीं दांतावर टोपी बसवावी लागते किंवा तो काढावा लागतो. दांतांच्या बाबतींत मनुष्य जन्मभर मुद्दलावरच जगत असतो. त्यांतून विनाकारण खर्च करणें याला हयगय म्हणतां येईल, पण निर्दोष म्हणतां येणार नाहीं.

रोग्याच्या असहायतेमुळें ही जबाबदारी अधिकच वाढते. शिंप्यानें कोट बिघडविला तर तो अंगांत घालतांच कळतें. हातच्या कांकणाला आरसा लागत नाहीं. पण दाढेची गोष्ट अशी कीं, आरसा समोर धरला तरी रोग्याला त्यांतून कांहीं उमगत नाहीं. ठणका थांबला कीं तो आभार मानून घरीं जातो. मान टाकून, तोंड उघडून, बोलण्याचीहि सोय न ठेवतां तो जेव्हां त्या खुर्चींत पडतो, तेव्हां तो त्या शास्त्राच्या आजच्या ज्ञानावर विसंबलेला असतो. वैद्याच्या पदवीपत्रावरील सालच्या ज्ञानावर नव्हे. हा अलिखित करार आहे, आणि न शिकणारा वैद्य तो रोग्याच्या नकळत मोडीत असतो. म्हणून पुढील शिक्षण हें त्याचें भूषण नसून देणें आहे.

यावर वयोवृद्ध वैद्य म्हणतील कीं, आमच्या डोळ्यांखालून हजारों तोंडें गेलीं. तो अनुभव काय कमी आहे? अनुभवाची थोरवी कोण नाकारील? परंतु तो किती फसवा असूं शकतो, याचें उत्तम उदाहरण जबड्याच्या सांध्यानें पुरविलें आहे. १९३४ सालीं सेंट लुई येथील कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनीं अकरा रोग्यांवरून असें प्रतिपादन केलें कीं, मागच्या दाढा पडल्या म्हणजे खालचा जबडा जास्त मिटतो, त्याचें टोंक सांध्यांत मागें दबून मज्जातंतूंवर भार पडतो, आणि त्यामुळें कान दुखणें, कानांत नाद होणें, भोंवळ येणें हीं लक्षणें उद्भवतात. मत सुटसुटीत होतें. दंतवैद्यांना तें पटलें, आणि दांतांची उंची वाढवून मिटणी सुधारण्याची लाट आली. १९४८ सालीं शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिकर यांनीं, तेथील रचना पाहतां असा भार पडणें संभवत नाहीं, असें दाखवून दिलें. तरीहि दांत घासून मिटणी जुळविण्याचे उपचार चालूच राहिले; कारण रोग्यांना बरें वाटत होतें, आणि वैद्याला अनुभव येत होता!

या अनुभवाची परीक्षा १९७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत झाली. गुडमन, ग्रीन व लास्किन यांनीं जबड्याच्या दुखण्याच्या पंचवीस रोग्यांवर दांत घासण्याचा केवळ देखावा केला. दांत प्रत्यक्षांत तसेच ठेवले. त्या पंचविसांपैकीं सोळा जणांनीं आपलें दुखणें पूर्णपणें किंवा जवळजवळ गेल्याचें सांगितलें. हें दुखणें पुष्कळदां आपोआप उतरतें, आणि विश्वासाचाहि गुण येतो. ते दांत खरोखर घासले असते, तर हे सोळा रोगी घासण्याच्या गुणाचे सोळा साक्षीदार ठरले असते, आणि वैद्याच्या अनुभवाच्या वहींत त्यांची नोंद झाली असती. बाहेरची तपासणी नसलेला अनुभव म्हणजे स्वतःच्या दाव्यांत स्वतःचीच साक्ष होय.

येथपर्यंतचा विचार शिकणाऱ्याच्या बाजूचा झाला. परंतु याच इतिहासाची दुसरी बाजू शिकणाऱ्याला अस्वस्थ करणारी आहे. कॉस्टेन यांचें मत उचलून धरणारे वैद्य आळशी नव्हते. तें त्या वेळचें नवें ज्ञान होतें, आणि तें उद्योगी माणसांनींच आत्मसात केलें. १९८३ सालीं अमेरिकेंत प्रोप्लास्ट-टेफ्लॉन या कृत्रिम पदार्थाचीं पानें जबड्याच्या सांध्यांत बसविण्यासाठीं विक्रीस मोकळीं झालीं. चावण्याच्या दाबाखालीं त्यांचे कण सुटले, शरीर त्या कणांवर उलटलें, आणि कित्येक रोग्यांचें हाड झिजून गेलें. १९९१ पर्यंत तीं परत बोलवावीं लागलीं. त्या रोग्यांचें नुकसान जुन्याला चिकटून बसणाऱ्यांनीं केलें नाहीं. नवें शिकलेल्यांनीं केलें. आजहि जेथें नव्या उपचाराचा वर्ग त्याचें यंत्र विकणाराच चालवितो, तेथें शिकणाऱ्यानें सावध असावें. हप्त्यानें घेतलेलें यंत्र घरीं आलें, म्हणजे त्याची गरज असलेले रोगी जिकडेतिकडे दिसूं लागतात; आणि हें लबाडीनें होतें असें नाहीं, मनाची घडणच तशी आहे.

मग न शिकणाराहि दोषी आणि शिकणाराहि दोषी, असा घोळ झाला काय? मला तसें वाटत नाहीं. या दोन्ही दोषांचें मूळ एकच आहे: जी कृती परत फिरवितां येत नाहीं, ती पुरेशा पुराव्यावांचून करणें. जुन्या नियमानें निरोगी दांत कोरणारा आणि नव्या उत्साहानें सांधा उघडणारा हे दोघेहि तेंच करतात. म्हणून कर्तव्याची कसोटी नवें किंवा जुनें ही नसून परतीची वाट ही आहे. जें नवें ज्ञान कमी कोरावयास, कमी कापावयास, वाट पाहावयास शिकवितें, तें थोड्या पुराव्यावरहि स्वीकारावें. कारण तें चुकीचें ठरलें तर मागें येतां येतें. जें अधिक कापावयास सांगतें, त्यानें आधीं आपली सत्यता पुरी सिद्ध करावी. १९९६ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनीं या सांध्याच्या विकारांवर भरविलेल्या परिषदेचा रोखहि असाच होता: प्रथम सौम्य आणि मागें घेतां येणारे उपाय करावे, दांतांची मिटणी कायमची बदलणाऱ्या उपचारांना पुरेसा आधार नाहीं. आणि २०२० सालींहि तेथील राष्ट्रीय विद्वत्संस्थांच्या अहवालाला, या विकारांविषयीं वैद्यांचें शिक्षण अपुरें आहे, असें नमूद करावें लागलें.

हें शिक्षण सक्तीचें असावें काय? ब्रिटनमध्यें २०१८ पासून प्रत्येक दंतवैद्यानें पांच वर्षांत शंभर तासांचें पुढील शिक्षण घेतल्याचा दाखला देणें आवश्यक आहे. तास मोजतां येतात, समज मोजतां येत नाहीं, हा आक्षेप खरा. तरी वर्गांत बसल्याशिवाय समज येण्याची शक्यताहि कमीच. मात्र तालुक्याच्या गांवीं एकट्यानें दवाखाना चालविणाऱ्यानें तो बंद ठेवून शहरांत शिकावयास जावें, असें म्हणणाऱ्या समाजानें त्याच्या बुडालेल्या दिवसांचाहि विचार केला पाहिजे.

सुश्रुतसंहितेंत शिष्यानें शस्त्र चालविण्याचा सराव आधीं कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर करावा, असें सांगितलें आहे. नवशिक्याच्या चुकीचा भार रोग्यावर पडूं नये, हा त्याचा हेतु उघड आहे. पन्नाशीचा वैद्य नवी विद्या शिकतो तेव्हां तोहि नवशिकाच असतो, आणि हें मान्य करणें सर्वांत जड जातें. ज्याला लोक पंचवीस वर्षें ‘डॉक्टरसाहेब’ म्हणत आले, त्यानें काढलेल्या दांतांवर आणि प्लास्टरच्या ठशांवर पुन्हां हात बसवावा, आणि रोग्याला ‘ही रीत मी नुकतीच शिकलों आहें’ असें स्पष्ट सांगावें, यांत थोडीथोडकी नम्रता लागत नाहीं.

आपण रोग्यांनींहि यांत थोडा वांटा उचलावा. उपचार सुचविला गेला म्हणजे अदबीनें तीन गोष्टी विचाराव्या: कांहीं दिवस थांबलें तर काय होईल? याहून लहान उपाय आहे काय? आणि केलेलें पुढें मागें घेतां येईल काय? या प्रश्नांनीं जो रागावत नाहीं, ज्याला त्यांचीं उत्तरें ठाऊक असतात आणि जेथें ठाऊक नसतात तेथें जो तसें सांगतो, त्याचें शिक्षण अद्याप चालू आहे असें खुशाल समजावें.