तो चिकटा कोणाचा?

मागच्या वर्षी पावसाळ्यापूर्वी आम्ही चार-पाच जणांनी मिळून एक जुने टेबल विकत घेतले. वालीवच्या बाजूला फर्निचरचा एक छोटा कारखाना बंद झाला होता. तेथले सामान विक्रीला निघाले होते. टेबल सहा फुटी, सागवानी, पायांना कुठे कीड नाही. सभागृहामागच्या खोलीत ते ठेवायचे आणि मोडकी बाके, डगमगणाऱ्या खुर्च्या आपल्याच हातांनी दुरुस्त करायच्या, असा बेत होता.

टेबल खोलीत आणले, त्यावर अंथरलेले प्लास्टिक काढले आणि हात टेकताच तो चिकटला. कुठे चिकटपट्टीचा जुना डिंक, कुठे ओघळून वाळलेला फेव्हिकॉल, तर कुठे यंत्राचे तेल आणि लाकडाचा भुसा मिळून बसलेला काळा थर! आमच्या तोंडून पहिले वाक्य निघाले, ‘काय बेपर्वा माणसे! घाण त्यांनी करायची आणि साफ आम्ही करायची?’

त्या रागातच आमच्यापैकी एकाने थिनरची बाटली आणली, दुसऱ्याने पाते घेतले. दहा मिनिटांत चिकटा थोडा निघाला, पण त्याबरोबर पॉलिशही विरघळले. वीतभर पांढुरका डाग पडला. शेजारचे एक वयस्कर सुतारकाका दारात उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, “रागाने घासू नका रे. आधी कशाचा चिकटा आहे ते तर पाहा. प्रत्येकाचे औषध वेगळे असते.”

मग त्यांनी सांगितले तसे आम्ही करत गेलो. चिकटपट्टीचा डिंक पाण्याला दाद देत नाही, पण त्यावर खोबरेल तेल लावून थोडा वेळ थांबले की तो मऊ होतो आणि फडक्याने पुसून निघतो. वाळलेला फेव्हिकॉल कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याखाली पांढरा व लिबलिबीत होतो. मग प्लास्टिकच्या पट्टीने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने तो हलकेच खरवडायचा. तेलाच्या काळ्या थराला टर्पेंटाइनचा बोळा, तोही खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास विस्तव नसताना. कोणतेही औषध आधी कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी लावून बघायचे. पॉलिशपेपर अगदी शेवटी, कारण चिकट्यावर तो घासला तर चिकटा निघत नाही, कागदच भरून जातो. या कामात आमचे दोन रविवार गेले.

टेबलाच्या कडेला खाकी चिकटपट्टीचे तीन-चार थर होते. आळशीपणाने तशाच ठेवलेल्या पट्ट्या, असे आम्ही धरून चाललो होतो. त्या सोडवल्या तेव्हा खाली लाकूड उभे चिरलेले दिसले. काम करणाऱ्याच्या हातात कूस जाऊ नये म्हणून कोणीतरी ती जागा पुन्हा पुन्हा झाकली होती. ज्याला आम्ही बेपर्वा म्हणालो, त्याने सोबत्यांची काळजी घेतली होती. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि गप्प राहिलो.

दुसऱ्याने केलेले आपण का निस्तरावे, हा प्रश्न चुकीचा नाही. विकणाऱ्याने आम्हाला खरे सांगायला हवे होते आणि तसे त्याला बोलून दाखवण्यातही गैर काही नाही. पण दोष कोणाचा हे ठरवणे वेगळे आणि जबाबदारी कोणाची हे ठरवणे वेगळे. दोष त्यांचा असेल, टेबल मात्र आता आमचे आहे.

आपल्या गावांत हे टेबलापुरतेच राहत नाही. वाडीच्या बांधावरून दोन भावांचे बिनसते. पुढे भाऊ काळाआड जातात, पण त्यांची मुले एकमेकांच्या अंगणात पाय ठेवत नाहीत. लग्नाचे आमंत्रण एका घराला जाते, दुसऱ्याला जात नाही. नातवंडांना विचारले तर ती म्हणतात, ‘आम्ही काय केले?’ खरेच, त्यांनी काही केलेले नसते. तरी चिकटा त्यांच्याच हाताला लागतो. तेथेही आपण थिनर आणि पाते घेऊनच उभे राहतो. वास्तविक, बांधाचा वाद असेल तर मोजणी करावी, कागद पाहावेत. कोणाचे मन दुखावले असेल तर त्याच्या घरी जाऊन दोन शब्द बोलावेत. दुखावलेल्या मनाला मोजणीचा नकाशा दाखवून उपयोग नाही आणि बांधाचा तंटा नुसत्या गोड बोलण्याने मिटत नाही. आधी ओळखावे, मग हात घालावा आणि थोडे थांबावे.

आज त्या टेबलावर काम चालते. गम लावण्यापूर्वी आम्ही जुने वर्तमानपत्र पसरतो. चिरलेली कड भरून घेतली आहे. फक्त तो वीतभर पांढुरका डाग काही केल्या गेला नाही. पुढे कधी हे टेबल दुसऱ्या कोणाच्या हाती गेले, तर तोही त्यावर हात फिरवून विचारील, ‘इतके चांगले टेबल, आणि हा डाग कोणा बेपर्वा माणसाने पाडला?’