भाड्याच्या भिंतीतला खिळा

ज्या घराची मालकी आपली नाही, त्या घरावर माणसाने किती जीव लावावा आणि किती पैसा? शाबानचा महिना लागला की हा प्रश्न आमच्या मजल्यावर हमखास निघतो, कारण रमजानच्या आत भिंतींवरून हात फिरवायचा असतो. प्रत्येक घरात एक तरी माणूस म्हणतो, "मालकाच्या भिंतीला आपल्या पैशाचा रंग कशाला?" आणि आतून कोणीतरी उत्तर देते, "भिंत त्याची असेल, डोळे तर आपले आहेत ना!" चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते, त्यामुळे हा वाद आता सगळ्या ऋतूंत घालून झाला आहे. २०१३ आणि २०१४ साली रमजान ऐन पावसाळ्यात आला. ओल्या गिलाव्यावर डिस्टेंपर धरेना, ईदपर्यंत पापुद्रे सुटले. तरी लोकांनी रंग काढलाच.

आमची चाळ भायखळ्याच्या बाजूची, पागडीची. पागडी म्हणजे काय हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. मिरज-सोलापूरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. घरात शिरताना भाडेकरू एकरकमी मोठा पैसा मोजतो, नंतर महिन्याला नावापुरते भाडे भरतो. सोडताना तो नव्या भाडेकरूकडून पागडी घेतो आणि रिवाजाने त्यातला तिसरा हिस्सा मालकाला देतो. म्हणजे तो धड मालक नाही, धड पाहुणाही नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली आणि पागडीच्या देण्याघेण्यालाही उजेडात आणले. एरवी परिस्थिती फारशी हलली नाही.

घर दुरुस्त ठेवणे हे मालकाचे काम, असे हा कायदा सांगतो. त्याने हयगय केली तर भाडेकरूने निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा. मात्र वर्षभराच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. हिशेब करून बघा. महिना दोनशे रुपये भाडे असेल तर वर्षाचे चोवीसशे, त्याची चौथाई सहाशे. सहाशे रुपयांत मुंबईत आज गवंड्याची एका दिवसाची मजुरी निघत नाही, सिमेंट-वाळू दूरच. मालकाला शिव्या देणे सोपे आहे आणि आमची चाळ त्यात कुणाला हार जाणार नाही. पण एका मजल्यावरच्या सतरा खोल्यांचे मिळून चौतीसशे रुपये ज्याच्या हाती पडतात, तो सागवानी तुळया कुठून बदलणार, हेही विचारायला हवे. दोन्हीकडून हात वर झाले की भिंत कोणाचीच राहत नाही.

याच कायद्यात एक जागा आहे, ती आम्हांला फार आवडते. भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायम स्वरूपाचे बांधकाम केले तर मालक घर परत मागू शकतो. मग कायम कशाला म्हणायचे? कायद्याच्या खुलाशात काही कामे त्यातून वगळली आहेत: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, जाळी, हवेसाठी पाडलेली खिडकी, फॉल्स सीलिंग, एअर कंडिशनर, धुराडे. लागेल तिथे पालिकेची परवानगी घेऊन ही कामे भाडेकरूला करता येतात. आमच्या घरी पूर्वी जमिनीवर बसून स्टोव्हवर रांधत. दादीचे गुडघे गेले तेव्हा अब्बांनी कडप्पा आणून उभा ओटा बांधला. त्या ओट्यापाशी दादी मरेपर्यंत उभी राहिली, नंतर अम्मी, आता भाभी. तीन बायकांचे आयुष्य ज्याच्यावर भाकरी थापण्यात गेले, तो ओटा कायद्याच्या लेखी कायमचा नाही. यावर पूर्वी आम्ही हसायचो. आता वाटते, बरेच आहे. कायमचा ठरला असता तर त्यावर हक्क सांगावा लागला असता, आणि हक्क सांगायला लागलो की ओटा राहतो बाजूला, कागद पुढे येतात.

कारण घर सुधारणे आणि जागा बळकावणे यांच्यामधली रेघ चाळीत फार बारीक असते. गॅलरीत आधी तुळशीची किंवा मोगऱ्याची कुंडी येते. मग पाण्याचे पिंप. पिंपावर पत्रा, पत्र्याला ताडपत्री, आणि पाच वर्षांनी घरातले पोर म्हणते, "ती आमची जागा आहे." कोणी वाईट नीयतीने केलेले नसते. दीडशे चौरस फुटांत सात माणसे राहत असतील तर दीड फूट गॅलरी म्हणजे एका मुलाचा अभ्यास. पण तेवढ्याच गॅलरीतून मय्यत न्यावी लागते, आणि ती नेताना खांदेकऱ्यांना आडवे व्हावे लागले की सगळ्यांना त्या पिंपाची लाज वाटते. आठवडाभर.

भिंतीबद्दल एक हदीस आहे. ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या रिवायतीने आली आहे. शेजाऱ्याला आपल्या भिंतीत लाकूड बसवायचे असेल तर त्याला मना करू नये, असा तिचा आशय. ऐकणाऱ्यांना ती रुचली नाही, आणि त्यांची नाखुशी पाहून हजरत अबू हुरैरा त्यांच्यावर नाराज झाले, असेही त्याच रिवायतीत आहे. हा भाग आम्हांला जास्त खरा वाटतो. मदीनेतला माणूसही आपल्या भिंतीत दुसऱ्याचे लाकूड म्हटले की कुरकुरत होता! पुढे फिकहच्या इमामांत मतभेद झाले. इमाम अहमद यांनी हे बंधनकारक मानले. इमाम अबू हनीफा आणि इमाम मालिक यांच्या मते ते चांगले आहे, करावे, पण सक्ती नाही. भिंतीला धोका नसावा, ही अट मात्र धरलेली आहे.

इथे भिंतीचा मालक डोळ्यासमोर आहे. त्याचा हक्क कोणी नाकारत नाही, फक्त त्या हक्काने शेजाऱ्याची गरज अडवू नये एवढेच म्हणणे आहे. आमच्या चाळीत दोन्ही बाजूंचे लोक भाडेकरू. इकडे पाळण्याचा हूक ठोकला की तिकडे मक्केच्या तसबिरीची चौकट हलते. आमच्या माळ्याच्या अँगलचे टोक शेजारच्या कपाटामागे निघालेले आहे, आणि त्यांच्या घड्याळाचा खिळा आमच्या बाजूने गिलाव्यात दिसतो. परवानगी मागायची कोणाची? मालक उपनगरात राहतो. मग मागायची ती पलीकडच्याची, जो कागदावर भिंतीचा कोणीच नाही. आमच्याकडे खिळा ठोकण्याआधी भिंतीवर टकटक करून ओरडून सांगायची पद्धत आहे. ती कायद्यात नाही. कागदोपत्री ज्याचा हक्क नाही पण ज्याला त्रास होणार आहे, त्याला विचारणे, यातच आम्हांला या सगळ्या प्रश्नाचे मूळ दिसते.

पण टकटक ऐकू जाते ती भिंतीपलीकडे. जमिनीखाली ती जात नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक मावशी राहतात. वय झालेले, शिलाईच्या मशीनवर अजून फॉल-पिकोची कामे घेतात. चार पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या छतातून पाणी ठिबकू लागले, नेमके मशीनवर. वरच्या खोलीतल्या भाभींनी त्याच उन्हाळ्यात मोरी नवी केली होती. नवरा कुवेतला, पहिल्यांदा मनासारखा पैसा आला, तर तिने सोन्याऐवजी मोरीला गुडघाभर उंच टाइल्स लावल्या. सगळ्यांचे बोट तिच्याकडे गेले. ती रडकुंडीला आली. तिचे म्हणणे असे, की आम्ही पन्नास वर्षे फुटक्या कोब्यावर आंघोळी केल्या तेव्हा कोणी काही बोलले नाही, आता स्वच्छ केले तर चोर ठरलो.

शेवटी प्लंबरने मोरीचे तोंड बोळा घालून बंद केले, रंगाचे पाणी चोवीस तास तुंबवून ठेवले. खाली थेंब आला तो बिनरंगाचा. जुन्या चाळीत पाणी सरळ खाली पडत नाही. लाकडी तुळईच्या अंगाने चालत जाते आणि जिथे फट सापडेल तिथे उतरते. गळती तीन खोल्या पलीकडे, सामाईक संडासाच्या जुन्या बिडाच्या पाइपात होती. भाभींची सुटका झाली. दोष एका घरावरून उठून सगळ्यांवर आला, आणि सगळ्यांवर आल्याबरोबर तो कोणावरच राहिला नाही. पाइप बदलायला खोलीमागे दोन हजार रुपये लागणार होते. तेवढ्यासाठी दोन पावसाळे गेले. मावशी मशीनवर प्लॅस्टिक टाकून शिवत राहिल्या.

दोन हजार कोणाला जड होते, सगळ्यांना नव्हते. ज्या घरांनी नाही म्हटले त्यांतल्या काहींनी त्याच वर्षी घरात ग्रॅनाइट बसवले. म्हणून त्यांना आप्पलपोटे म्हणावे, तर प्रत्येकाकडे कारण होते, आणि कारणे खोटी नव्हती. तळमजल्याचे म्हणाले, आमचा संडास वेगळा. एक जण म्हणाला, मालक पैसे देईल तेव्हा देऊ, नाहीतर त्याची सवय मोडायची कशी? यात तथ्य आहे. भाडेकरूने सगळेच करत जावे तर कायद्याने मालकावर टाकलेली जबाबदारी आपसूक पुसली जाते. एकाने विचारले, इमारत उद्या पुनर्विकासात जाणार, तिच्यात पैसे कशाला गाडता? ३१ ऑगस्ट २०१७ ला, बकरी ईदच्या दोन दिवस आधी, भेंडी बाजारात जुनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. ती जागा आमच्यापासून फार लांब नाही. त्यानंतर काही महिने सगळे तुळयांकडे बघत होते. मग सवय झाली.

टोकाच्या खोलीत जरीकाम करणारी बिहारची नऊ मुले राहतात. खोली ज्याच्या नावावर तो दुबईला, मुलांचा करार अकरा महिन्यांचा. असे राहणारे आता आपल्यातही पुष्कळ आहेत. मीरा रोडला, पुण्याला, कुठेही नोकरीला गेलेली आपली मुले अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. डिपॉझिट कापतील म्हणून भिंतीत खिळा ठोकत नाहीत, दिनदर्शिका फ्रिजला चिकटवतात. त्यांतल्या कितीतरी जणांनी फोनवर नाव सांगितल्यावर "खोली गेली" हे ऐकलेले असते. मोठ्या मुश्किलीने मिळालेल्या घरात नळ गळतो अशी तक्रार करायलाही माणूस भितो. जिथे तक्रार करायची हिंमत नाही तिथे सुधारणेची गोष्ट कसली? भाड्याच्या घरावर जीव लावू नये असा शहाणपणाचा सल्ला या मुलांना कोणी द्यावा लागत नाही, तो त्यांना घरमालकांनीच शिकवलेला असतो.

तर या नऊ मुलांकडे पैसे मागायला कोणी गेलेच नव्हते. त्यांच्यातला सगळ्यात मोठा, तेवीस-चोवीसचा, एका जुम्म्याला स्वतः येऊन दोन हजार देऊन गेला. आम्ही म्हणालो, "अरे, तुमचा करार तर पाच महिन्यांत संपतोय." तो म्हणाला, "पानी तो हम भी बहाते हैं ना, चाचा." आणि गेला. त्यात मोठेपणाचा आव नव्हता. उधारी चुकवावी तसे त्याने पैसे ठेवले.

त्यानंतर सगळ्यांनी भराभर पैसे काढले असे मुळीच झाले नाही. उलट एक जण म्हणाला, नऊ माणसे आहेत, पाणीही नऊपट ओततात, त्यांनी जास्त द्यायला हवे. डोक्यागणिक की खोलीगणिक, यावर पुढचे दोन महिने गेले. डोक्यागणिक धरले तर जास्त मुलांची गरीब घरे मरतात. खोलीगणिक धरले तर एकट्या मावशी आणि आठ जणांचे घर सारखेच. आमचे मत विचाराल तर पलीकडे जाणारे पाणी मोजावे, आणि ते मोजता येत नाही म्हणून तर माणसाने थोडे जास्तच द्यावे. हे मत सभेत मांडले तेव्हा कोणी विरोध केला नाही, कोणी मानलेही नाही. अखेरीस खोलीगणिक ठरले, तळमजल्याने अर्धे दिले, मावशींकडून घेतले नाहीत. त्या रागावल्या. आपला पाइप आपल्याला फुकट नको, असे म्हणून त्यांनी सगळ्या घरांच्या पडद्यांना किनारी शिवून दिल्या. बिडाच्या जागी पीव्हीसी आला.

आता खरोखरच पुनर्विकासाचे कागद फिरत आहेत. किमान तीनशे चौरस फुटांची खोली मिळेल असे सांगतात, संडास आत. नव्या घरात भिंत आपली असेल आणि पलीकडून टकटक ऐकू येणार नाही. तोपर्यंत इथे कोणी काही करू नये असा सगळ्यांचा समज झाला आहे. रंगाचे नाव कोणी काढत नाही, नळाच्या मोरीतली फरशी निखळली तशीच आहे. मागच्या महिन्यात जिन्याची दुसऱ्या वळणावरची पायरी मधोमध खचली. दोन दिवस सगळे ती ओलांडून जात होते. तिसऱ्या दिवशी पहाटे फज्रला उतरलो तर तिच्यावर फळी ठोकलेली होती, आणि बायकांचे पदर आणि बुरखे अडकू नयेत म्हणून खिळ्यांची डोकी आत बसवलेली होती. कोणी ठोकली ते अजून कळलेले नाही. जरीवाल्या मुलांचा करार तोवर संपला होता, म्हणजे ते नव्हेत.