खाऊन खंगणारं मांजर

निमगाव केतकीच्या पश्चिमेला भवानीनगरचा साखर कारखाना, पूर्वेला बिजवडीचा. या साखरेच्या मुलखात गोडाची चवच न कळणारा एक जीव घरोघर नांदतो, तो म्हणजे मांजर. गोड ओळखणारं जनुकच त्याच्यात निकामी असतं, हे २००५ साली संशोधकांनी दाखवून दिलं. दुधावर ते तुटून पडतं ते सायीसाठी. तरी त्याला मधुमेह होतोच.

दहा-बारा वर्षांचं म्हातारं मांजर. वाटी चाटूनपुसून साफ करतं, वर आणखी मागतं, रात्री ओरडत घरभर हिंडतं, आणि पाठीवर हात फिरवला तर मणके लागतात. घरचे म्हणतात, "खातंय की चांगलं! वय झालं आता." आपल्याकडे तब्येतीची चौकशी जेवणापासून सुरू होते आणि बहुतेकदा तिथंच संपते. इथं ती भूकच दुखणं असू शकते.

अशा मांजराच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागते. न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी १९७९ मध्ये हा आजार मांजरांत नोंदवला. थायरॉइडचं संप्रेरक वाढलं की यकृत रक्तात जादा साखर सोडतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. त्यात आधीच मधुमेह असला तर पंचाईत. दोन्ही आजारांत खाणं जास्त, पाणी जास्त, लघवी जास्त आणि वजन खाली. एक सापडला की दुसरा शोधायचा राहून जातो.

साखरेची चाचणीही चकवते. पिशवीत घालून दवाखान्यात नेलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनं चढते. म्हणून रक्तातलं फ्रुक्टोसामीन तपासतात. त्यावरून मागच्या एक-दोन आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज येतो. पण थायरॉइड जोरात असताना रक्तातली प्रथिनं भराभर मोडतात आणि हा आकडा फसवा, कमी येतो. शिवाय गोळ्यांनी थायरॉइड ताळ्यावर आली की इन्सुलिनचा जुना डोस भारी पडून साखर धोकादायक उतरू शकते. तो डोस डॉक्टरांनी पुन्हा ठरवावा लागतो.

गावात जनावरांचा डॉक्टर येतो तो गाई-म्हशींसाठी. मांजर कुठं दाखवायचं, ही अडचण खरीच आहे. वजन करायला मात्र डॉक्टर लागत नाही. चार किलोच्या मांजराचं अर्धा किलो घटलं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं साडेसात किलो घटलं. रोज कुरवाळणाऱ्या हाताला ते उमगत नाही. गावात डाळिंब मोजायचा काटा असतोच की! क्रेटमध्ये मांजर, वर फळी, आणि रिकाम्या क्रेटचं आणि फळीचं वजन वजा.