पाळीचं पाणी

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये एक मराठी कुटुंब राहत होतं. आई-वडील दोघेही नोकरीला, आणि मुलगी शेजारच्या प्रिन्स्टन विद्यापीठात पीएच.डी. करत होती. रोज सकाळी ती प्रिन्स्टन जंक्शनला ‘डिंकी’ पकडायची. तीन मैलांहूनही कमी अंतर धावणारी ती छोटी गाडी पाचेक मिनिटांत तिला विद्यापीठापाशी सोडायची. एका उन्हाळ्यात साक्री तालुक्यातून तिच्या आईचे वडील राहायला आले होते. घरात सगळे त्यांना आबा म्हणत.

मुलीचा विषय पाऊस आणि पूर हा होता. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री ‘आयडा’ वादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी न्यू जर्सीला झोडपून काढलं होतं. तळघरांत आणि मोटारींत अडकून माणसं गेली होती. वेस्ट विंडसरच्या कडेने वाहणारी मिलस्टोन नदीही त्या पावसात पात्राबाहेर पडली होती. तेव्हा मुलीने मनाशी ठरवलं, की असा पाऊस पुन्हा आला तर पाणी कुठवर चढेल हे आधी सांगता आलं पाहिजे. त्यासाठी तिने चाळीस वेगवेगळी वादळं कल्पिली होती. प्रत्येक वादळाचं पाणी नदीच्या खोऱ्यात कसं उतरेल, याचं गणित करायचं होतं.

हे गणित घरच्या लॅपटॉपवर होणारं नव्हतं. विद्यापीठाचे महासंगणक राउट वनला लागून असलेल्या फॉरेस्टल परिसरात, २०११ साली उघडलेल्या एका केंद्रात आहेत. महासंगणक म्हणजे एकमेकांना जोडलेले हजारो कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणित करू शकणारे संगणकाचे भाग. शेकडो संशोधक त्यांच्यावर एकाच वेळी काम पाठवतात. ‘स्लर्म’ नावाची व्यवस्था त्या कामांची रांग लावते. ज्याने जितके कोअर मागितले, तितके त्याच्यासाठी राखून ठेवते. मग तो ते वापरो वा न वापरो.

मुलीने एकदम ९६ कोअर मागितले. काम मोठं आहे, तर मागणीही मोठी हवी, असा तिचा हिशेब. पहिलं वादळ तीन दिवसांनी पुरं झालं. दुसऱ्याला रांगेतच दोन दिवस गेले, तिसऱ्याला चार. परिषदेला निबंध पाठवायची तारीख जवळ येत होती आणि चाळीसपैकी सदतीस वादळं बाकी होती.

विद्यापीठातली महासंगणकाची मंडळी संशोधकांना नियमित प्रशिक्षण देत. लिनक्सची ओळख, रांगेत काम कसं पाठवावं, प्रोग्रॅम समांतर कसा चालवावा, ग्राफिक्स चिप कशा वापराव्यात, असे वर्ग असत. शिवाय कुणीही आपली अडचण घेऊन यावं, अशा मदतीच्या वेळाही ठरलेल्या असत. त्यांच्या ईमेल मुलीला येत आणि ती त्या न उघडताच पुसून टाकी. ती शाळेपासून प्रोग्रॅम लिहीत होती, बी.टेक.ला पहिली आली होती. “ते वर्ग नवख्यांसाठी आहेत,” असं ती आईला म्हणायची. “मला शिकवणीची नाही, जास्त कोअरची गरज आहे.”

एका शनिवारी ती आबांना घेऊन स्टेशनजवळच्या शेतकरी बाजारात गेली. आबा मक्याची कणसं निरखत होते आणि ती दर दोन मिनिटांनी फोनवर रांग बघत होती.

“काय गं पोरी, कुणाची वाट बघतेस?” आबांनी विचारलं.

तिने सगळं सांगितलं. यंत्र कसं अपुरं आहे, रांग कशी हलत नाही, बाकीचे लोक कसे कोअर अडवून बसलेत.

आबा कणीस हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, “तरुणपणी मी पाटकरी होतो, ठाऊक आहे ना तुला?”

तिला पुसटसं ठाऊक होतं. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आलेली आहे. नदीला बंधारा घालायचा, पाटाने पाणी काढायचं, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सगळ्यांचं. कुणाची पाळी कधी, ते पंच ठरवत आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी सोडे.

“आमच्या फडात एक शेतकरी होता,” आबा सांगू लागले. “रोज भांडायचा, मला पाणी कमी मिळतं म्हणून. रात्रभर पाणी दे म्हणायचा. एकदा मी त्याच्या पाळीला कंदील घेऊन वावरभर हिंडलो. पाहतो तर खालच्या अंगाला बांध फुटलेला. अर्धं पाणी नाल्यात. वरच्या सऱ्यांमध्ये चिखल आणि शेवटची सरी कोरडी. मी त्याला म्हटलं, आधी बांध घाल, रान सपाट कर, मग पाणी माग. त्याने केलं. पुढच्या पाळीला अर्ध्या वेळात त्याचं सगळं रान भिजलं. उरलेलं पाणी खालच्या विधवा बाईच्या वावरात गेलं. तिचा ऊस त्या वर्षी पहिल्यांदा नीट उभा राहिला.”

मुलगी गप्प होती.

“तू मागतेस ते पाणी तुझ्या शेवटच्या सरीपर्यंत पोचतं का?” आबांनी विचारलं. “कधी हिंडून पाहिलंस?”

तिने कधीच पाहिलं नव्हतं.

त्या रात्री तिने आपल्या आधीच्या कामांचा अहवाल काढला. अशी सोय तिथे होती, पण तिला ती माहीतच नव्हती, कारण ती सांगितली जायची ती नेमकी त्या वर्गांत. अहवाल स्पष्ट होता. मागितलेल्या ९६ कोअरपैकी राबत होता फक्त एक. तिचा प्रोग्रॅम कामाची वाटणी करायला लिहिलेलाच नव्हता. बाकीचे ९५ कोअर तीन दिवस तिच्या नावावर नुसते बसून होते. रांग लांबत का होती, तेही तिला कळलं. भरमसाट मागणारं काम एवढे कोअर एकदम मोकळे होईपर्यंत थांबतं, आणि जो सतत पुष्कळ अडवतो त्याचा क्रम ही व्यवस्था मागे ढकलते, म्हणजे इतरांना न्याय मिळतो.

दुसऱ्या आठवड्यात ती प्रशिक्षणाच्या वर्गात जाऊन बसली. शेजारी पहिल्या वर्षाची मुलं होती आणि एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापकही होते.

शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवात एका जुन्या गोष्टीने केली. इथून जवळच, प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीस जॉन फॉन नॉयमन आणि ज्यूल चार्नी यांनी संगणकावर हवामानाचा अंदाज काढायचं ठरवलं. त्यांचं स्वतःचं यंत्र अजून तयार नव्हतं. म्हणून १९५० च्या वसंतात त्यांचा गट मेरीलँडमधल्या अॅबर्डीनला ‘एनिॲक’ या यंत्रापाशी गेला. माणसं जगातली हुशार, पण त्या यंत्राची भाषा त्यांना येत नव्हती. ती शिकवली क्लारा फॉन नॉयमन यांनी. एनिॲकसाठी प्रोग्रॅम कसा लिहायचा, हे त्यांनी या शास्त्रज्ञांना शिकवलं आणि शेवटचे प्रोग्रॅम स्वतः तपासले. २४ तासांच्या अंदाजाला यंत्र जवळजवळ २४ तासच घेई, आणि चार अंदाजांत सुमारे एक लाख पंच कार्डं लागली. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधात चार्नी आणि सहकाऱ्यांनी क्लाराबाईंच्या शिकवण्याचे आभार मानले आहेत.

“हवामानशास्त्राचं नवं युग ज्यांनी सुरू केलं, ते आधी वर्गात बसले होते,” बाई म्हणाल्या. मुलीने मान खाली घातली आणि वही उघडली.

पुढे बाईंनी जीन अॅमडाल यांचा १९६७ चा विचार समजावला. प्रोग्रॅमचा जो भाग एकामागून एक असाच करावा लागतो, तो सगळ्या कामाच्या वेगाची मर्यादा ठरवतो. दहा टक्के काम असं असेल, तर हजार कोअर लावूनही वेग दहापटीच्या पुढे जात नाही. ८ कोअरवर तो पावणेपाच पट होतो, १६ वर सव्वासहा-साडेसहा पट, आणि ९६ वर फक्त नऊ पट. म्हणून आधी मोजायचं. एका कोअरवर किती वेळ, दोनवर किती, चारवर, आठवर किती, ते लिहून काढायचं. जिथे वेळ कमी होणं थांबतं, तिथे मागणी थांबवायची. छोट्या यंत्रावर छोटी चाचणी घ्यायची. अधूनमधून काम जतन करायचं, म्हणजे मध्येच थांबलं तर पहिल्यापासून सुरुवात नको.

मुलीने तसंच केलं. मोजता मोजता तिला दिसलं, की तिचा अर्धा वेळ गणितात जातच नाही. पावसाच्या त्याच त्या फाइल प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वाचत होता. तोच तिचा फुटलेला बांध होता. तिने तो बुजवला आणि उरलेलं गणित आठ कोअरवर वाटलं. मग बाईंनी तिला आणखी एक गोष्ट दाखवली. तिची चाळीस वादळं एकमेकांवर अवलंबून नाहीत, तेव्हा त्यांना एका मोठ्या कामात कोंबायची गरज नाही. त्यांची चाळीस छोटी कामं केली, तर जिथे आठ कोअर मोकळे होतील तिथे एकेक शिरत जाईल.

सगळी वादळं आठवड्याच्या आत पुरी झाली. निबंध वेळेत गेला.

रांग बघताना तिला आता इतरांची कामंही दिसू लागली. कुणी कर्करोगाच्या प्रथिनांचं गणित मांडलं होतं, कुणी ताऱ्यांच्या स्फोटांचं. ज्यांना ती “अडवून बसलेले लोक” म्हणायची, त्यांची कामं तिच्याच ९५ रिकाम्या कोअरसाठी थांबलेली असणार, हे तिच्या ध्यानात आलं. ही बोच तिने वाया जाऊ दिली नाही. पुढच्या सत्रापासून ती मदतीच्या वेळेत नवख्यांशेजारी बसू लागली आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारू लागली: “मोजलंस का?”

तिची एक मैत्रीण पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ या महासंगणकावर काम करत होती. तिथेही रांग होती. भारताने २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन मंजूर केलं, तेव्हा यंत्रं उभारण्याइतकंच माणसं घडवणंही त्यात धरलं होतं. खरगपूर, मद्रास, गोवा आणि पालक्काड इथल्या आयआयटींमध्ये त्यासाठी प्रशिक्षण केंद्रं आहेत. पण आपल्या तालुक्यातून पहिल्यांदाच पुण्याला आलेल्या मुलामुलींना तिथवर जाऊन विचारायचा धीर होत नाही, असं मैत्रिणीने सांगितलं. मग दोघींनी मिळून रविवारी सकाळी मराठीतून ऑनलाइन वर्ग सुरू केला. वेस्ट विंडसरमध्ये तेव्हा शनिवारची रात्र असे. काम कसं पाठवायचं, अहवाल कसा वाचायचा, किती कोअर मागायचे, एवढंच त्या शिकवत. मुलं आधी बिचकत, मग विचारू लागली.

आबा परत निघाले, तेव्हा तिने त्यांना निबंध दाखवला. शेवटी आभारांत शिकवणाऱ्या बाईंचं नाव होतं आणि खाली आबांचं.

“मी काय केलं?” आबांनी विचारलं.

“तुम्ही कंदील घेऊन हिंडायला लावलंत,” ती म्हणाली.

तात्पर्य: सामाईक साधनावरचा हक्क मोठ्या मागणीने नव्हे, नीट वापर शिकल्याने मिळतो. जे आपल्याला येत नाही ते शिकायला बसण्यात कमीपणा नाही. न शिकता अडवून धरण्यात आहे, कारण तेव्हा आपली पाळीही फुकट जाते आणि खालच्या वावराची आशाही. आणि शिकलेलं पुढच्याला दिलं, तरच पाट वाहता राहतो.