धास्तीला वेळ ठरवून द्या

पावसाळी ट्रेकला निघालेला माणूस आठवडाभर जळवांची चर्चा करतो. मिठाची पुडी, तंबाखूचं पाणी, सगळी जय्यत तयारी असते. मग पाऊस सरतो, गवत वाळतं आणि आपण निर्धास्त होतो. गोचिडाच्या पिल्लांचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो. जळू निदान दिसते तरी. हे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं, चावलं तरी कळत नाही.

तळकोकणात ही धास्ती पुस्तकी नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासची माणसं तापानं फणफणली. गोचिडाच्या चाव्यातून पसरणारा तोच माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आला. त्यात आजारी पडली ती काजूच्या बागांत राबणारी, पातेरा गोळा करणारी माणसं. दर शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात, असा हा आजार. आपल्याला भीती वाटली तर रविवारी घरी बसता येतं. काजूच्या हंगामात त्यांना ती सोय नाही. हौशी भटक्यांनी आपल्या काळजीचं मोजमाप करताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

गोचीड उडत नाही, झाडावरून टपकतही नाही. तो गवताच्या पात्यावर चढतो आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून थांबतो. त्या पायांवरच्या इंद्रियाला आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड कळतो, अंगाची ऊब कळते. आपण पात्याला घासून गेलो की स्वारी कपड्यावर. तिथून कातडीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो, आणि तोच वेळ आपल्या हातात असतो.

म्हणून काळजी दोनदाच करावी. निघताना फिकट कपडे, मोज्यांत खोचलेली पँट, उघड्या अंगाला कीटकरोधक मलम. परतल्यावर कपडे लगेच गरम पाण्यात, मग आंघोळ. काखा, जांघा, गुडघ्यामागची खोबण, कानामागची जागा आणि केसांची मुळं बोटांनी चाचपून पाहायची. सापडलाच तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा. विडीचा चटका, रॉकेल हे घरगुती पराक्रम नकोत. मधला सगळा वेळ मात्र रानाचा. पातेऱ्यावर बसकण मारू नये एवढंच. बाकी ऐनाच्या खडबडीत खोडावरून हात फिरवावा, धनेशाच्या पंखांचा आवाज ऐकावा.

वाटेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावच्या आरोग्य केंद्रात कळवा. आणि परतल्यावर आठवड्याभरात अचानक जोराचा ताप आला, डोकं ठणकू लागलं, तर डॉक्टरांना आपणहून सांगा, ‘मी रानात जाऊन आलोय.’ शहरातले डॉक्टर हे विचारतीलच असं नाही.