कलंदरांचा पेहराव

दिवाळी हा नव्या कपड्यांचा सण. घरोघर करकरीत घड्या मोडल्या जातात आणि ओवाळून घेताना लहानथोर सगळेच स्वतःकडे थोडे अधिक निरखून पाहतात. अशा दिवसांत कपड्यांविषयीच एक प्रश्न विचारला, तर वाचकांना तो अवेळी वाटू नये. एखाद्या माणसाचा पेहराव आपल्याला मनापासून आवडतो, तेव्हा नेमके काय आवडलेले असते? ते कापड, की ते लेणारे माणूस?

हा प्रश्न माझ्यापुढे आणून ठेवला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. घर अकोल्याचे, सध्या ती अमरावतीला महाविद्यालयात शिकते. स्मिता पाटीलवर तिची निस्सीम भक्ती! स्मिता गेली १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी; ही मुलगी जन्मली त्यानंतर कितीतरी वर्षांनी. तरीही विटक्या रंगाची सुती साडी, मोकळे केस, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि गळ्यात काळपट चांदीची माळ, असा तिचा नित्याचा थाट असतो. सुटीत घरी आली, तेव्हा तिची आई तिला घेऊनच माझ्याकडे आली. "बाई, तुमीच सांगा इले. उद्या पाहुने पाहाले येतीन, लोकं काय म्हनतीन? हिचे बाबा म्हनतात, हेच शिकाचं असन तं कॉलेज बंद!"

मुलगी म्हणाली, "बाई, स्मिता पाटीलही अशीच राहायची ना?"

एका साडीवरून एका मुलीचे शिक्षण थांबण्याची वेळ आली होती. तेव्हा हा प्रश्न केवळ हौसेमौजेचा राहिला नाही.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले आणि त्या सुरुवातीच्या वर्षांत स्मिता तेथे मराठी बातम्या वाचत असे. त्या काळची एक आठवण अनेकांनी सांगितली आहे. ती जीन्स घालून येई, त्यावरच साडी गुंडाळी आणि बातम्या वाचायला बसे. प्रेक्षकांना दिसे तो फक्त पदर आणि तो गंभीर, बोलका चेहरा. पुढे १९७७ साली 'जैत रे जैत'मधली ठाकरांची चिंधी तिने उभी केली; त्याच वर्षीच्या 'भूमिका'ने तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला; १९८२ साली 'उंबरठा'मधली सुलभा महाजन आली. चिंधीचे लुगडे असो की सुलभाची साधी साडी असो, ती कपडे मिरवते आहे असे कधी वाटले नाही. कामाला लागेल तो वेश तिने पत्करला, आणि स्वतःला सुखाचा वाटेल तो कोणाची परवानगी न मागता अंगावर घातला. माझ्या विद्यार्थिनीला भुरळ पडली ती या मोकळेपणाची. साडी ही त्याची केवळ खूण.

अशा राहणीला इंग्रजीत 'बोहेमियन' म्हणतात. बोहेमिया हा मध्य युरोपातला एक प्रांत. फिरस्त्या जमाती तिकडून आल्या, अशा समजुतीने फ्रान्समध्ये त्यांना हे नाव पडले. मग एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या माळवदाखालच्या खोल्यांत राहणाऱ्या कफल्लक चित्रकार-लेखकांनाही तेच चिकटले. म्हणजे जी आज फॅशन आहे, ती मुळात गरिबी होती. आपल्याकडे याला कलंदर हा छान शब्द आहे, आणि आमच्या वऱ्हाडाला तरी कलंदर दाखवायला पॅरिसला जावे लागत नाही. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर खापर, अंगावर चिंध्यांचा झगा आणि हातात खराटा! १८७६ साली शेंडगावात जन्मलेल्या डेबूजी जाणोरकरांचा, म्हणजे आपल्या गाडगेबाबांचा हा वेश. यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारणाऱ्या या माणसाने स्वतःच्या अंगावर मात्र धड वस्त्र येऊ दिले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावाजवळ त्यांनी देह ठेवला. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. पण आपल्याच मुलीने कानात कवडी घातली, तर मात्र घर डोक्यावर घेतो.

आणखी एक पेहराव सांगते. दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडात कापसाची वेचणी सुरू होते. वावरात जाणारी बाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा सदरा चढवते. उन्हापासून आणि बोंडांच्या टोकांपासून हात वाचावेत, एवढाच तिचा हेतू. एकीने जीन्सवर साडी नेसली, एकीने साडीवर सदरा चढवला. पहिलीचे कौतुक झाले, दुसरीकडे कोणी वळूनही पाहत नाही. फरक इतकाच, की पहिलीला निवड होती आणि दुसरीला नाही. ज्याने चांगले वस्त्र सोडून दिले आणि ज्याला ते कधी मिळालेच नाही, त्या दोघांच्या अंगावरचे विटके कापड दिसायला सारखेच असते. बाजार तर आता मुद्दाम फाडलेली तुमानही चढ्या भावाने विकतो. म्हणून अशा वेशाची आवड धरणाऱ्याने, ज्यांचा तो नाइलाज आहे त्यांचा विसर पडू देऊ नये; नाहीतर ती आवड थोडी निष्ठुर होते.

पण मग अनुकरण करूच नये काय? मी पडले शिक्षिका. मला तसे म्हणता येणार नाही. मूल पहिल्यांदा दुसऱ्याने काढून दिलेले अक्षर गिरवते. गिरवता गिरवताच हात वळतो आणि एक दिवस स्वतःचे वळण उमटते. आवडत्या माणसाचा वेश घेणे हे असेच गिरवणे आहे. मात्र जन्मभर गिरवणाऱ्याला कोणी लिहिता झाला असे म्हणत नाही. दहा मुली एकसारखी माळ घालून हिंडू लागल्या, की मोकळेपणाचाही गणवेश होतो.

म्हणून मी आईला एवढेच म्हटले, "वहिनी, तिचे कॉलेज बंद केले, तर साडी बदलेल, पण मन बदलणार नाही. ते तर त्या साडीहून कितीतरी मोलाचे आहे." आणि मुलीला म्हटले, "स्मिताची साडी तुला मिळाली. आता तिने ती नेसून काय काम केले ते बघ, आणि तुझे काम कोणते ते शोध."

वाचकहो, पेहराव आवडणे ही उथळ गोष्ट नाही. दुसऱ्याच्या अंगावरच्या कापडातून कधीकधी आपल्याला आपलेच दबून राहिलेले मन दिसते. ते दिसले, की कपाटातल्या कपड्यांपेक्षा आयुष्याकडे पाहायला लागावे. एखाद्याचा वेश घेता येतो. त्याचे धैर्य मात्र ज्याचे त्यालाच विणावे लागते.