वाढत्या अंगाची सायकल

१९७३ ची दिवाळी. दुष्काळ नुकताच सरला होता. सुकडीची आणि मिलोच्या भाकरीची चव अजून तोंडातून गेली नव्हती. दादानं नांदेडहून जुनी सायकल आणली, नव्वद रुपयाची. चोवीस इंची, मधी आडवा दांडा, मागं भक्कम कॅरेज. मी अकरा वर्षांचा. सीटवर बसलं की पाय पायडलाच्या वीतभर वरच लोंबायचे.

माय म्हणाली, "लेकराला पाय पुरंनात की."

दादा म्हणाला, "वाढतं अंग हाय. दोन सालात पुरतील. सायकल काय सारखी सारखी घ्यायची असती का?"

मग दांड्याखालून पाय घालून, वाकडंतिकडं होत, हाफ पायडल मारत मी शिकलो. माझ्या वयाचे बहुतेक जण असेच शिकले. गुडघे फुटले, त्यावर माती लावली, झालं. दादाचा हिशोब चुकला असं मला आजही म्हणवत नाही. ती सायकल माझी नव्हतीच. तिच्यावर सरकीचं पोतं यायचं, दुधाचे कॅन जायचे, आजारी माणूस बसायचा. घरात एकच सायकल येणार असेल तर ती घराच्या मापाचीच येणार, पोराच्या नाही.

माझं मात्र तसं नव्हतं, आणि लिहायचं आहे ते त्याबद्दलच.

१९९४ साली थोरला दहा वर्षांचा झाला. कापसाचे चार पैसे हातात होते. घरात दुसरी सायकल होती, पोतं वाहायची अडचण नव्हती. दुकानदारानं लहान सायकल काढून दाखवली. पोरगं तिच्यावर टांग टाकून बसलंसुद्धा. आणि माझ्या तोंडून दादाचंच वाक्य निघालं, "वाढतं अंग हाय, मोठीच द्या." दादाला गरिबीनं बोलायला लावलं होतं. मी सवयीनं बोललो.

महिन्याभरात ओढ्याच्या उतारावर पोरगं पडलं. ब्रेक चांगला होता, पण त्याची बोटंच ब्रेकच्या दांडीपर्यंत नीट पोचत नव्हती. हे मला नंतर कळलं. मी उंची बघितली होती, बोटं कोण बघतो! डावं कोपर मोडलं, जोडलं, पण आजही तो हात पुरता सरळ होत नाही.

आता मजा बघा. आम्ही कुणबी माणसं. लाल कंधारी गोऱ्हा घरचा असो का माळेगावच्या जत्रेतून आणलेला, दोन दात आल्याबिगर त्याला औताला धरत नाही. धरला तरी आधी मोकळी गाडी, मग हलकं काम, नांगर शेवटी. वाढतं अंग आहे, पुढं बैल होणारच आहे, म्हणून आजच त्याच्या मानेवर बैलाचं ओझं ठेवावं, असं कुणी म्हणत नाही. जे शहाणपण गोऱ्ह्यापाशी आहे ते लेकरापाशी कुठं जातं?

मला वाटतं, गोऱ्ह्याचा खांदा बिघडला तर बाजारात लगेच कळतं. गिऱ्हाईक दात बघतं, खांद्यावरून हात फिरवतं, किंमत पाडतं. लेकराची किंमत कोण पाडणार? त्याचं नुकसान कुठं लिहिलं जात नाही, म्हणून ते झालंच नाही असं आपण धरून चालतो. सायकल तर दिसते तरी. लातूरला अकरावी-बारावीसाठी पोरं जातात, त्यातली कितीतरी अजून हाफ पायडलच मारत असतात. त्यांचे पाय पुरतात का, हे विचारायला कुणाला सवड नसते.

पण याला दुसरी बाजू आहे. मापाची सायकल घेतली तर ती दोन-तीन सालात लहान पडणार. ते पैसे कुठून आणायचे? नात यंदा आठवीत गेली. मानव विकासच्या योजनेतून शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या मुलींना सायकलीसाठी सरकार पाच हजार देतं. आठवी ते बारावीत एकदाच. म्हणजे सरकारचा हिशोबही आमच्या दादासारखाच. त्यालाही दोष देता येत नाही, अनेक पोरींची शाळा या सायकलीनंच टिकली.

तिची सायकल घ्यायला आम्ही तिघं नांदेडला गेलो. पूर्वी सायकलीचे इंच म्हणजे सांगाड्याची उंची, आता इंच चाकाचे मोजतात. हे कळायला मला दुकानात अर्धा तास लागला. थोरला म्हणाला, "सव्वीसचीच घेऊ. अकरावीला लातूरला गेली तरी हीच चालंल."

मी म्हणलं, "आधी तिला उभी करून बघ."

सव्वीसवर टाचा टेकत नव्हत्या. चोवीसची काढायला लावली. दोन्ही तळवे भुईला टेकले. ब्रेक दाबायला लावला, बोटं पोचली. सीटची नळी वर करायला अजून चार-पाच बोटं जागा होती, म्हणजे दोन सालं तरी निभतील. पुढं धाकट्या चुलत बहिणीला देता येईल, हेही मी बोललो.

"आन् तिला परत नवी कोण घेणार, आबा?"

"मी. एक शेळी कमी करू."

तो हसला. बिल बघायला डावा हात पुढं केला, तो अर्ध्यातच थांबला, मग उजव्यानं घेतलं. तीस सालात मी कधी विचारलं नव्हतं, तिथं दुकानात विचारलं, "त्या सायकलीचा राग हाय का रे मनात?"

"सायकलीचं काय त्यात," तो बिल वाचत म्हणाला, "उतारावर गिट्टी होती, तिच्यावरनं घसरलो."

त्या उताराला गिट्टी पडली ती सडक झाली तेव्हा, चार सालांनी. तेव्हा तिथं नुसती मातीच होती.